आखाजीची किल्ली

जळगावच्या जीवरामनानांची केळी आज दुबईचा व्यापारी वेबसाइटवरून मागवणार होता आणि आमचा सर्व्हर अडून बसला होता. वेबसाइट सुरक्षित असल्याच्या सर्टिफिकेटचे आणि सर्व्हरच्या किल्लीचे, म्हणजे त्याच्या गुप्त फाइलचे, आकडे मी ताडून पाहिले. ते जुळतच नव्हते. “सर्टिफिकेट खोटं शे का, माय?” नानांनी विचारलं. “सर्टिफिकेट खरं आहे. खोटा तुमचा मुहूर्त!” मी भडकले. सर्टिफिकेट पहिल्या किल्लीवर मागवलं होतं. मग आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नानांनी “मुहूर्तले बठ्ठं नवं जोयजे” म्हणत, सगळंच नवं हवं या हट्टाने, माझ्याकडून दुसरी किल्ली बनवून घेतली. पहिली किल्ली फ्लॉपीवर होती आणि फ्लॉपी आखाजीच्या पूजेपासून देव्हाऱ्यात होती. मी तिच्यावरचं कुंकू पुसलं, तोच नानांची नजर कॅलेंडरवर गेली. अमावस्या होती. अमावस्येला ते नवं काही करत नसत. नाना हसले. “जुनीच किल्ली शे ना? टाक, माय!” मी ती सर्व्हरवर टाकली. पडद्यावरचं सुरक्षिततेचं कुलूप लागलं आणि दुबईची ऑर्डर आली.