उशाखालची लाल पेन्सिल

बाबांच्या तापाचा चौथा दिवस होता. मुलगी स्वतः डॉक्टर, पण घाबरून तिनं चिठ्ठीवर नऊ तपासण्या लिहिल्या. बाबाही जुने डॉक्टर. त्यांनी उशाखालून लाल पेन्सिल काढली. लहानपणी दवाखान्यात ती पेन्सिल बघून तिला वाटायचं, बाबा मास्तरच आहेत. पुढे त्यांच्या हाताखाली शिकताना तिच्या चिठ्ठ्या रक्तबंबाळ व्हायच्या; शाबासकी देताना मात्र हात आखडता. “रिपोर्टनं औषध बदलणार नसेल, तर सुई कशाला टोचायची?” ते विचारायचे. आताही त्यांनी आठ ओळी खोडल्या. “बाबा, मला भीती वाटतेय.” “मग माझं रक्त काढून तुझी भीती जाईल?” उरलं फक्त जंतू ओळखणारं रक्ताचं कल्चर. “हे अँटिबायोटिकच्या इंजेक्शनआधी घे. नंतर जंतू दडी मारतात.” तिनं दंडाला पट्टा बांधला. चिठ्ठी उचलली, तर त्या ओळीपुढे बरोबरची खूण होती. वीस वर्षांत पहिली.