उलटी पेडलं

“तुम्ही माझे पाय कापलेत, साहेब!” भरल्या सभागृहात म्हातारा इनास ओरडला. लोक अजून हसतच होते.

पायाने पेडल दाबलं की तार ताणून सूर चढवणारी ती जुनी स्टील गिटार चाळीस वर्षं त्याची होती. साहेबांनी ती विकत घेतली, खपून नवीकोरी केली आणि आज आपल्या जुन्या वाद्यांच्या संग्रहाच्या उद्घाटनाला त्यालाच वाजवायला बसवलं. पण सवयीचं पेडल दाबलं की भलताच सूर किंचाळायचा. “काकांचं वय झालं आता,” साहेब माइकवरून म्हणाले आणि हशा पिकला.

तेव्हाच इनासने वाकून पाहिलं होतं. आपल्या वाकड्या घोट्याला सोसावं म्हणून त्याने उलट्या क्रमाने लावलेली पेडलं कुणीतरी सुलटी केली होती.

“वाद्य कारखान्यातून निघालं तसंच हवं,” साहेब थंडपणे पुटपुटले. “तुमची चूक सुधारली मी.”

“मग आधी सांगायचंत!”

“सांगितलं असतं तर आला नसतात. तिकिटं तुमच्या नावावर खपलीत, काका.”

इनासने त्यांच्यासमोर माइक धरला.

“मग सांगा या लोकांना. सूर मी चुकवला की तुम्ही? बोला ना!”