टाळी सगळ्यांना, खाली कमळीला

समजा, तुम्ही शाळेच्या भिंतीला पाठ लावून बाहेर उभे आहात. आत काय चाललंय ते दिसत नाही, फक्त ऐकू येतं. बाई लाकडी पट्टीने टेबलावर सारखे ठोके देताहेत आणि मुलं टाळ्या वाजवताहेत. टाळी. टाळी. मग काहीच नाही. मग पुन्हा टाळी. नीट ऐका बरं. ते जे ‘काहीच नाही’ आहे ना, ते कमळीचं आहे.

कमळीचा बाप भिकू त्या भिंतीबाहेर हेच ऐकत उभा होता, आणि त्याच्या कपाळाची शीर ताठली होती.

गडब गावाच्या पुढे, शाळेजवळच हायवेच्या कडेला टेम्पो थांबला होता. भातकापणी उरकली होती. वाडीतली माणसं वीटभट्टीवर निघाली होती. दरवर्षी कमळीही त्यांच्याबरोबर जायची आणि परत येईपर्यंत शिकलेलं सगळं विसरायची. यंदा तिने आपल्या हौसाआत्याकडे राहायचं आणि शाळा सोडायची नाही, असं भिकूनेच ठरवलं होतं. बायको नको म्हणत होती, तरी ठरवलं होतं. काल संध्याकाळी ते मोडलं.

काल कमळी उड्या मारत घरी आली आणि म्हणाली, बाईंनी सगळ्या पोरांना टाळी दिली, मला एकटीला खाली दिली. भिकूने पुन्हा विचारलं. ती पुन्हा हसत तेच म्हणाली. पोरीला कळलं नाही, पण त्याला कळलं. टेम्पोत जागा असली तरी खाली बस. लग्नाच्या मांडवात खाली बस. दवाखान्यात बाक रिकामा, तरी तू आपला खालीच बस. हा शब्द त्याच्या चांगल्या ओळखीचा होता.

तो दारात आला. विमलबाईंची पट्टी थांबली.

“पोरीला न्यायला आलोय,” तो म्हणाला. “भट्टीवर येल ती. सगल्यांना टाली, नि माज्या पोरीला खाली. आमी जल्मभर खाली बसलो, बाई. शालंत तरी पोर वर बसंल, असं वाटलं व्हतं.”

विमलबाई गांगरल्या. खाली हे तालातल्या एका जागेचं नाव आहे, तिथे टाळी न वाजवता नुसता हात दाखवायचा, त्यात कमीपणा काही नाही, असं त्यांनी समजावून पाहिलं. भिकूने मान हलवली. नाव कायबी द्या, तो म्हणाला, खाली ती खालीच.

आणखी बोलावं तर ती सारवासारव वाटणार, हे बाईंना दिसलं. त्या मुलांकडे वळल्या. आज कमळी नुसती बसेल, त्यांनी सांगितलं. बाकीच्यांनी चारही जागी टाळी वाजवायची, आणि फिरून पहिल्या टाळीवर आलं की गाणं उचलायचं.

मुलं खूश झाली. टाळ्या वाजवायला कुणाला नको असतं? ठोके सुरू झाले. टाळी, टाळी, टाळी, टाळी. एक फेरा झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. सगळ्या टाळ्या एकसारख्या. त्यांतली पहिली कोणती आणि तिसरी कोणती, हे ओळखायचं कसं? निकेशने एकीकडे गाणं उचललं, रोशनीने दुसरीकडे, आणि मागच्या रांगेने उचललंच नाही. गाण्याचा पार चिखल झाला.

“कमळे, हात कर की गो,” रोशनी चिडून म्हणाली. “आम्ही तुज्याकडं बघूनच पैल्या टाळीवर येतो.”

मग बाईंनी कमळीचं काम मितेशला दिलं. त्यात काय एवढं, अशा ऐटीत तो पुढे आला, आणि जिथे गप्प राहायचं नेमकं तिथेच त्याने जोरात टाळी वाजवली. वर्ग फिदीफिदी हसला.

“हात थांबतच नाय, बाई,” मितेश कान खाजवत म्हणाला. “सगळी वाजवतात तवा गप ऱ्हायला कमळीच लागते.”

भिकू चौकटीला धरून उभा होता. तो मुलांचे चेहरे बघत होता. सगळे त्याच्या पोरीकडे वळले होते. माणसांनी भरलेल्या खोलीत आपल्या घरातल्या कुणाची अशी वाट पाहिली जाते, हे तो आयुष्यात पहिल्यांदा बघत होता.

रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला. टेम्पोतून वाडीतल्या शिवाने हाक मारून विचारलं, पोर येते का नाय? भिकूने एकदा कमळीकडे पाहिलं. मग त्याने तोंडाला हात लावून ओरडून सांगितलं, “ती नाय येत. हौसाकडं ऱ्हातेय. थांब जरा, मी आलो.”

पण तो लगेच गेला नाही. बाईंची पट्टी पुन्हा वाजू लागली, मुलांनी हात उचलले, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, भिकूनेही दारातूनच त्यांच्याबरोबर ताल धरला. ते पाहून कमळी आपल्या जागेवरून उठली आणि त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. टाळी. टाळी. तिसऱ्या जागी भिकू टाळी वाजवणार, एवढ्यात तिने त्याचं मनगट धरलं.

“खाली, बा,” ती म्हणाली, आणि आपला हात पुरेल तितका त्याचा हात वर नेला.