वीस झेंडे

जी-२० परिषदेचे पाहुणे येणार म्हणून चाकण रस्त्यावरची शौकतची पंक्चरची टपरी जेसीबीने उचलली. "ए पंक्चरवाल्या, वीस देशांची माणसं जाणार इथून. हा तुझा पसारा त्यांना दिसता कामा नये," अतिक्रमणवाले साहेब गाडीची काच पूर्ण खाली न करताच म्हणाले. टपरीच्या जागी सिमेंटचा पृथ्वीगोल बसला, भोवती पत्र्याचे वीस झेंडे. पाहुणे त्या रस्त्याने आलेच नाहीत.

तेव्हापासून शौकत पाना-पंप सायकलला बांधून कंपन्यांच्या गेटांवर फिरतो.

परवा भर दुपारी नेमकं त्या गोलापाशीच साहेबांच्या गाडीचं चाक बसलं. आत बायको घामाघूम, स्टेपनीतही हवा नाही. सायकलवरचा पंप बघून साहेब रस्त्यातच आडवे आले. "अहो भाई, अगदी देवासारखे भेटलात! जरा हात लावा ना."

शौकतने सायकल स्टँडला लावली. उकिडवा बसून चाक नीट पाहिलं. मग उठला, हात झटकले, सायकलवर टांग टाकली आणि झेंड्यांकडे बोट दाखवलं.

 

"वीस देश उभे आहेत की, साहेब. एखादा लावेल हात."