सातवीचा हजेरीपट

ते साल एकोणीसशे ब्याऐंशी. कारखान्याच्या वकिलांनी सातवीचा हजेरीपट उघडून आगीच्या चौकशीला आलेल्या सरकारी साहेबांपुढे ठेवला आणि त्यावरून बोट फिरवलं. "आगीनंतरचे हे सव्वीस दिवस. अडतीस मुलं. एकही गैरहजर नाही. आजारी पोरं अशी रोज शाळेत येतात होय, साहेब?"

मागच्या बाकांवर वस्तीतल्या आया बसल्या होत्या. रंगाचा कारखाना शाळेच्या भिंतीला लागूनच होता. त्याची पिंपं दोन दिवस जळत राहिली आणि काळा धूर घराघरांत शिरला. मोठी माणसं सावरली. पोरांचा खोकला मात्र महिना झाला तरी हटेना. मालक म्हणत होते, धूर वरच्यावर निघून गेला. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या कुणी जपून ठेवल्या नव्हत्या. पोरं आजारी पडली हे सिद्ध झालं, तरच औषधपाणी कारखान्याच्या गळ्यात पडणार होतं आणि कारखाना वस्तीतून हलणार होता.

"आणि पट कुणाचा?" वकील हसले. "ज्यांना पोरं 'फूटपट्टी' म्हणतात, त्या बाईंचा. दोन मिनिटं उशीर झाला तरी त्या गैरहजेरी मांडतात."

"फूटपट्टीनं वस्तीचीच मापं काढली," कारखान्याचा मॅनेजर शेजारच्याला म्हणाला. तेवढं सगळ्यांना ऐकू गेलं.

साहेबांनी आयांना विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

आयांच्या पहिल्या बाकावर लोकांचे कपडे शिवून घर चालवणारी एक आई होती. तिनं बाईंकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. तिचं पाहून बाकीच्यांनीही माना हलवल्या.

तेव्हा बाई उठल्या.

"बाई, खाली बसा," हेडमास्तर दबक्या आवाजात म्हणाले. "पेन्शन दीड वर्षावर आलीय."

"साहेब, हा पट खोटा आहे," बाई म्हणाल्या. "मीच भरलाय. त्या महिन्यात वर्गात कधी नऊ पोरं असायची, कधी अकरा. हजेरी कमी पडली की परीक्षेला बसू देत नाहीत. आग लावायची कारखान्यानं आणि वर्ष जायचं पोरांचं, हे मला पटेना."

वकील ताडकन म्हणाले, "तेव्हा खोटं लिहिलंत, मग आज खरं बोलताय कशावरून?"

"तेव्हा माझी नुसती शाई खर्च झाली. आज नोकरी जाईल. विश्वास कशावर ठेवायचा, ते साहेब ठरवतील."

साहेबांनी पट मिटला आणि आयांना तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी शिवणवाली सगळ्यांत आधी उभी राहिली. मग बाकच्या बाक उठले.

कारखाना वर्षभरात वस्तीपासून लांब माळावर गेला. मालकांना पाच वर्षं वस्तीत दवाखाना चालवावा लागला. तिथलं औषध इतकं कडू होतं, की पोरं ते मालकांच्या नावानंच ओळखत. हजेरी कमी असूनही साहेबांच्या पत्रामुळे अडतीसच्या अडतीस मुलं परीक्षेला बसली. दोन नापास झाली, पण ती खोकल्यानं नव्हे, आळसानं. वकील पुढे बाजारात भेटले की बाईंना वाकून नमस्कार करत. हेडमास्तर मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले, "मी त्यांना बसा म्हटलं होतं."

खोट्या पटापायी बाईंवर शिक्षण खात्याची चौकशी बसली. तरी नोकरी टिकली आणि पेन्शनही शाबूत राहिली, ती एका उत्तरामुळे. चौकशी अधिकाऱ्यानं शिवणवालीला विचारलं होतं, "त्या महिन्यात तुमची मुलगी वर्गात होती का? हो की नाही, एवढंच सांगा."

"नव्हती," ती म्हणाली. "अंथरुणात होती. एक दिवसाआड दिवेलागणीला बाई तिच्या उशाशी बसून त्रैराशिक शिकवायच्या, मग पुढच्या घरी जायच्या. आता तुम्हीच सांगा दादा, अशा पोरीला गैरहजर कसं मांडायचं?"