डेऱ्यातली तूर

"माझं लेकरू खोटं बोलत न्हाई," मुक्ताबाई म्हणाली. "तूर लई व्हती, त्यानं डोळ्यानं पाह्यली. मग डेरा कावून रिता दिसतोय?"

साखराबाईच्या अंगणात दोघी शेजारणी समोरासमोर उभ्या होत्या. मधे मातीचा डेरा. मुक्ताबाई माहेरी घाटनांदूरला गेली होती. जाताना वर्षाच्या डाळीची तूर साखराबाईच्या घरावरच्या सपाट माळवदावर वाळत घातली होती आणि सहा वर्षांचा उत्तरेश्वरही तिच्याच हवाली केला होता. दुसऱ्या दिवशी आभाळ आलं, तशी साखराबाईनं घाईघाईनं तूर गोळा करून डेऱ्यात भरली. आज मुक्ताबाई परत आली आणि पोरानं सगळ्यांत आधी सांगितलं ते हेच. तूर लई होती, आता थोडीच राहिली.

"वैजनाथाची आन घेते," साखराबाई म्हणाली. "दाण्याला हात लावला न्हाई. लेकरू माझ्या घरी टाकून गेलीस, तवा चोर नव्हते मी?"

मुक्ताबाईनं जाताना तूर मापली नव्हती. शेजारणीवर भरवसा होता म्हणूनच मापली नव्हती. हे आठवून ती जास्तच भडकली.

एवढ्यात गहिनीनाथ मास्तर रस्त्यानं जाताना दिसले. मारुतीच्या देवळात ते गावाची शाळा चालवत. उत्तरेश्वर नुकताच तिथं बसू लागला होता. मुक्ताबाईनं त्यांना हाक मारून सगळं सांगितलं.

"मास्तर, लेकरू तुमच्याच शाळेतलं हाय. तुमीच इचारा."

मास्तरांना वाटलं, यात अवघड काय? त्यांनी वाकळ अंथरायला लावली, डेरा उपडा केला आणि तूर हातानं पातळ पसरली. दाणे वाकळीच्या कडांपर्यंत गेले.

"आता बघ. किती हाय?" त्यांनी उत्तरेश्वरला विचारलं.

"लई!" पोराचा चेहरा खुलला. "येवढीच व्हती माळवदावर."

साखराबाईनं पदर तोंडाला लावला. मुक्ताबाई मुलाकडे बघतच राहिली.

मास्तर तिथं थांबले असते तर भांडण मिटलंच होतं. पण पोराला त्याची चूक कळायला हवी, असं त्यांना वाटलं. त्यांनी त्याच्या देखत सगळी तूर परत डेऱ्यात भरली. सांडलेले दाणेसुद्धा वेचून टाकले.

"आता?"

"थोडी झाली."

"कुणी घेतली?"

"कुणीच न्हाई."

"मग कमी कशी झाली बे?"

"झाली," उत्तरेश्वर म्हणाला. मास्तरांना एवढंही दिसत नाही याचं त्याला नवल वाटत होतं.

मास्तरांनी पुन्हा तूर पसरली. पुन्हा लई झाली. पुन्हा भरली, पुन्हा थोडी झाली. मास्तरांचा आवाज चढला. "खोटं बोलतोस?"

पोरानं डेऱ्याकडे बोट केलं. "न्हाई मास्तर. तुमीच बघा की."

दारात साखराबाईचा मुलगा आश्रुबा उभा होता. उत्तरेश्वरहून दोन-तीन वर्षांनी मोठा. तो हसायला लागला. "येडं हाय ते. तेवढीच हाय की तूर."

"तुला कुणी शिकवलं हे?" मास्तरांनी विचारलं. त्यांनी तर शिकवलं नव्हतं.

आश्रुबा गोंधळला. "ह्याच्यात काय शिकवायचं असतंय? तेवढीच हाय."

"पण तुला कधी कळलं?"

"मला पयल्यापासूनच म्हाईत हाय."

"कशाचं पयल्यापासून!" साखराबाई म्हणाली. "भाकरीचे बारीक तुकडे कर म्हणून रडायचास. तुकडे केले की म्हणायचास, आता लई झाली."

"मी? कदीच न्हाई." आश्रुबा खरोखरच चिडला.

"मग तुमी त्याला समजावलं कसं?" मास्तर म्हणाले.

"कुठं समजावलं? लई येळा सांगितलं, तवा ऐकलं न्हाई. मग कदीतरी तुकडे मागायचंच सोडलं त्यानं."

मुक्ताबाई खाली बसली आणि ओंजळीनं तूर भरू लागली. "साखराबाई, माझ्या जिभेला हाड न्हाई बघ," ती मान वर न करता म्हणाली. साखराबाईही समोर बसली आणि भरू लागली.

"पण मास्तर," मुक्ताबाईनं विचारलं, "माझं लेकरू खरं बोललं का खोटं?"

मास्तरांनी डेऱ्यात वाकून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात आधी त्या वेळच्या सरकारी भाषेची, उर्दूची मुळाक्षरं झाली, मग पाढे सुरू झाले. उत्तरेश्वर डोळे मिटून, मागेपुढे डुलत, सगळ्यांच्या वरच्या आवाजात म्हणत होता. बे त्रिक सहा, बे चोक आठ, बे पंचे दहा. एक चूक नाही. कालपर्यंत अशा वेळी मास्तर त्याच्या पाठीवर शाबासकीची थाप मारत.

आज, ह्या दहातलं पोराला काय दिसतंय, असं मनात येऊन त्यांनी हात वर करून त्याला मधेच थांबवलं.

पोरानं डोळे उघडले. मास्तर काहीतरी विचारणार म्हणून ते त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलं. मास्तरांना प्रश्न सुचेना.