मनुबाईचा कान

कोलशेतचा दामाजी होडी बघायला आला, तेव्हा मनुबाई चेंदणी कोळीवाड्यातल्या आपल्या ओट्यावर कोळंबी सोलत होती. तिने त्याला बस म्हटलं नाही. घरातली होडी न्यायला आलेल्या माणसाला पाट कोण मांडतं?

होडी तिच्या नवऱ्याची, गोमाजीची. गुडघे गेले होते, तरी उधाणाच्या भरतीला तो अजून खाडीत जाळं टाकून यायचा. आज तो भिंतीला टेकून न पेटवलेली विडी तोंडात धरून बसला होता. होडी विकायची असं मोरूने, त्यांच्या मुलाने ठरवलं होतं. कशासाठी, तर गाणी वाजवायच्या नव्या सिस्टमसाठी.

मोरू वागळे इस्टेटला कामाला लागला आणि पहिल्याच पगारात त्याने टेपरेकॉर्डर आणला. बहिणीच्या हळदीत आईची गाणी भरून घेतली. मनुबाई म्हणजे धवलारीण, लग्नाचे धवले गाणारी. लग्नातले विधी तिच्या गाण्यांवर चालायचे. भटजी उशिरा आला तरी कोळीवाडा चालवून घेई, मनुबाई वेळेवर लागायची. हळदीचं जातं ओढत ती धवले म्हणायची आणि हातातल्या काचेच्या बांगड्या ठेका धरायच्या.

मोरूने मोठ्या हौसेने कॅसेट लावली. मनुबाईने शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, "गळा माझा हाय. पण बांगड्या कुठं गेल्या?"

"वाजतात की आये. मागं बघ, बारीक."

"ती तुझ्या डबड्याची खरखर. कोळीवाड्याला सूर मी शिकवला, तू मला शिकवतोस?"

तिथून जे सुरू झालं ते सुरूच राहिलं. टेप गेला, डेक आला. डेकला ॲम्प्लिफायर आला. कपाटाएवढे स्पीकर आले, त्यांच्यावर ट्वीटर बसले. नवीन खोकं आलं की जुनं कुणाच्या तरी घरी जायचं. दर वेळी मनुबाईला खुर्चीत बसवायचं, पंखा बंद करायचा, पोरांना बाहेर घालवायचं. ती डोळे मिटून ऐकायची आणि निकाल द्यायची. "आवाज वाढला. बांगड्या नाय."

होता होता मोरू गाणं ऐकायचंच विसरला. तो नुसती खरखर ऐकायचा. जेवता जेवता उठून स्पीकरला कान लावायचा. त्याची बायको जनी म्हणायची, "एवढा कान मला दिला असता तर मीपण दोन गोष्टी सांगितल्या असत्या."

आता कल्याणचा कुणी बोटीवरचा माणूस परदेशी सिस्टम विकत होता. त्यात म्हणे गाण्याआधी गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो. "ही शेवटची, आये," मोरू म्हणाला होता. "बाबाला होडी आता झेपत पण नाय." गोमाजी गप्प बसला. मनुबाईसमोर तो एरवीही गप्पच बसायचा. आणि मनुबाईनेही होडीसाठी चकार शब्द काढला नाही. तिलाही तिचा धवला धड ऐकायचा होता. आपण गेल्यावर लोकांनी काय ऐकायचं, मुकं जातं?

दामाजी मोरूबरोबर होडीला फेरी मारून, फळ्या ठोकून ओट्यावर परत आला. "माल चांगला हाय," तो म्हणाला आणि विसार द्यायला त्याने खिशात हात घातला.

जनी चहा घेऊन बाहेर आली. कप ठेवता ठेवता सासूला म्हणाली, "आत्याबाई, कालच्या नव्या बांगड्या काय वाजतात हो तुमच्या! पार चुलीपाशी ऐकू येतात."

मनुबाईने हाताकडे पाहिलं. दोन्ही मनगटं भरून हिरव्या बांगड्या होत्या. उद्या एका लग्नात गायचं होतं म्हणून कालच भरल्या होत्या. तिने हात हलवला. बांगड्या हलल्या, एकमेकींवर आपटल्या. तिने हात कानाशी नेला, जोरात झटकला. मनगटाला हिसका बसला. आवाज झाला नाही.

कोळंबीची टोपली तिने बाजूला सरकवली.

दामाजीची बायको शेवंतीसुद्धा धवले म्हणायची. कैक वर्षं मनुबाईच्या मागे उभी राहून, मनुबाईचं कधी चुकतंय याची वाट बघत. आज या ओट्यावर जे बोललं जाईल ते दिवेलागणीला कोलशेतला पोचणार होतं. हात धुऊन आत निघून गेलं तर कुणालाच काही कळणार नव्हतं.

गोमाजीने तोंडातली विडी काढली आणि होडीकडे पाहिलं.

मनुबाई उठून उभी राहिली. "दामाजी, हात खिशातच ठेव. होडी विकायची नाय."

"आये, अगं सिस्टम..." मोरू म्हणाला.

"तुझी सिस्टम घाल खाडीत! तुझ्या एका पण डबड्यात खोट नव्हती. माझे कान गेलेत." मग ती दामाजीकडे वळली. "बघतोस काय? जा, सांग शेवंतीला. उद्याच्या लग्नाचे धवले तिचे."

दामाजी चहाच्या कपात बघत राहिला. मोरूने मान खाली घातली आणि आईसमोर बोलायचा तसा तो हळूच बोलला, "मला पहिल्याच टेपवर बांगड्या ऐकू यायच्या, आये. तू नाय म्हणायचीस, म्हणून मला वाटलं माझाच कान कच्चा."

मनुबाईला फक्त त्याचे ओठ हलताना दिसले. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. डोक्यावरचा पदर मागे सारून तिने कान पुढे केला.

"मोठ्याने बोल, पोरा," ती म्हणाली. "मला ऐकू येत नाय."